एवढ्या लहान घरात

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ते बेअरिंगच्या पेटीवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे, डोळे मिटायचे आणि डावा हात वर करायचे. तो हात वर आहे तोवर जवळच्या माणसानं हलायचं नाही. "उगे," म्हणायचे. त्यांच्या मराठीत उगे म्हणजे गप्प. मग हात खाली यायचा आणि निकाल लागायचा. "ही चार महिने जाते. पलीकडची संध्याकाळपर्यंत बसेल." आणि पलीकडची संध्याकाळच्या आत बंद पडायचीच.

तुम्ही कधी प्रेस शॉपमध्ये उभे राहिला नसाल तर यात काय मोठंसं, असं वाटेल. आमच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात वीस पॉवर प्रेस एका छपराखाली गाड्यांचे पत्रे तोडतात. पहिल्या दिवशी माझ्या दाढा दुखल्या होत्या. त्या गदारोळात हा माणूस एका मशीनचं एक बेअरिंग वेगळं काढून ऐकायचा, जसं आपण बाजारात आपल्या पोराचं रडणं ओळखतो.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. शॉपमधली तमिळ पोरं त्यांना सर म्हणायची, मी काका म्हणायचो, आणि ते मला तंबी, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. मेंटेनन्समध्ये फिटर होते, पन्नाशी ओलांडलेले. मूळ तंजावरकडचे मराठी. मी उदगीरकडचा, नववीत शाळा सुटलेला, कंत्राटदाराच्या गाडीतून मद्रासला आलेला. इथं सगळे चेन्नई म्हणतात, पण आमच्या गावात अजून मद्रासच आहे.

आलो तेव्हा मला तमिळमधलं काही म्हणजे काही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डाय, म्हणजे पत्र्याचा साचा, बसवताना बोट चेंगरलं आणि मी मराठीत जे बोलायचं ते बोललो. मागून आवाज आला, "कोठला रे तू?" मी वळलो. कपाळावर गंधाची बारीक रेघ, निळा शर्ट, डोक्यावर सरकवलेला चष्मा. मला वाटलं तक्रार होणार. मला कशानंही तसंच वाटतं. गेट पास खिशात आहे का, हे मी गेटपर्यंत तीनदा बघतो.

त्यांनी तक्रार केली नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा माझ्याकडे सरकवला. भात आणि सार होतं, चिंचेचं. मी म्हटलं, काका, मला इथं जमेल असं वाटत नाही, परकं वाटतं. ते हसले. "तू काल आलास. आम्ही तीनशे वर्षांमागे आलो. परक्या गावी कसं राहायचं ते मला विचार."

आणि मी खरंच विचारत राहिलो. खोली कुठं बघायची, दुकानदाराला तांदूळ कसा मागायचा, शिफ्ट इनचार्जला रजा कुठल्या शब्दात मागितली तर मिळते. काहीही सांगितलं की म्हणायचे, "झालं म्हण." तमिळ पोरांना म्हणायचे, "आच्चु." अर्थ तोच. आणि ते व्हायचं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. तिसऱ्या वर्षी मी अकरा नंबरच्या प्रेसवर होतो. माल अडकला म्हणून डायमध्ये हात घातला. काका चाळीस फुटांवर, पाठ करून, दुसऱ्याच मशीनवर वाकलेले. एकाएकी ते पळत आले आणि लाल बटणावर मूठ मारली. प्रेस वरच थांबला. क्लच सुटलेला होता, पायडल न दाबताच तो दुसरा ठोका मारणार होता. त्यांना क्लचचा आवाज बदललेला कळला होता. मला मशीनशेजारी उभं राहून कळला नव्हता.

मी हे सगळं दहा बोटांनी लिहितो आहे.

त्यांना एक मुलगी होती. बायको वारलेली, घरात दोघंच, पूनमल्लीत. मुलगी इंजिनिअर झाली, वर्षभर नोकरी केली आणि सोडून दिली. बँड काढला. चौघांचा. गिटार, ड्रम आणि स्वतःची लिहिलेली गाणी. "सिनेमाची नाहीत," काका सांगायचे. "सिनेमाची असती तर लोकांस सांगता आलं असतं. स्वतःची म्हटल्यावर काय सांगायचं?"

सुरुवातीला फार चिडले होते. तिला म्हणाले, मी दिवसभर पत्रा कापलेला ऐकतों, घरी येऊनही तेच ऐकू काय? ते वाक्य त्यांनी मला बऱ्याचदा सांगितलं. दर वेळी सांगून झाल्यावर स्वतःच म्हणायचे, "बोलायला नको होतं."

मग त्या बँडचं बरं चालू लागलं. कॉलेजांत बोलावणी, कॉफीच्या दुकानांत कार्यक्रम. आमच्या खोलीवरच्या एका पोराच्या मोबाईलमध्ये त्यांचं एक गाणं निघालं आणि त्याला माहीतही नव्हतं की ही आपल्या शॉपमधल्या सरांची मुलगी. मी धावत जाऊन काकांना सांगितलं. त्यांनी मोबाईल हातात घेतला, पडद्यावर लेकीकडं बघितलं, मान डोलावली. आवाज बारीक होता, मी वाढवायला गेलो. "असू दे," म्हणाले. "चांगलं आहे."

तेव्हा मला कळलं नाही. कळायला पाहिजे होतं.

त्या वर्षात "झालं म्हण" वाढलं होतं. कोणी काहीही विचारलं तरी आच्चु. सर, सतरा नंबरचा पाना कुठंय? आच्चु. सर, जेवलात का? आच्चु. सर, उद्या माझ्या बहिणीचं लग्न आहे, येणार ना? आच्चु. पोरं हसायची, सर म्हातारे झाले म्हणायची. मग एक दिवस मी बघितलं, त्यांनी स्क्रूड्रायव्हर बेअरिंगवर टेकवला आणि मूठ कानाला न लावता दातांत धरली. डोळे मिटलेले, जबडा आवळलेला. मशीनची थरथर ते दातांनी घेत होते.

दोन दिवसांनी कँटीनमध्ये, ते एकटे बसले असताना, मागं जाऊन हाक मारली. काका. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडलो, तेव्हा समोर बसलेल्या माणसानं वर बघितलं, आणि त्यानं वर बघितलं म्हणून काकांनी मागं वळून बघितलं.

मला बघून त्यांना सगळं कळलं. हात धरून मागच्या कडुनिंबाखाली घेऊन गेले.

"दोन वर्षं झाली," म्हणाले. "आधी बारीक आवाज गेले. चिमण्या, दुधाची पिशवी फाडल्याचा आवाज. आता अस्के गेले." अस्के म्हणजे सगळे. "तू समोर असलास की कळते. तुझं तोंड मोठं उघडते. ही तमिळ पोरं ओठ न हलवता बोलतात."

"आणि घरी? मुलगी?"

"तिला वाटते मी अजून रागावलोंय. ती आतून काही विचारते, मी उत्तर देत नाही. तिला वाटते अप्पा मुद्दाम करतात."

"मग सांगा ना तिला."

तेव्हा ते जे बोलले ते मला शब्दाला शब्द आठवतं. "रागावलेला बाप चालतो, तंबी. रागावलेल्या बापाला सोडून पोरी बाहेर जातात, स्वतःचं करतात. बहिरा बाप झाला की पोर घरी बसते. तिच्या आईच्या आजारपणात दीड वर्ष बसली होती. आता बंगळुरूचं बोलावणं आलंय, मोठं आहे म्हणे. ते होऊ दे. मग सांगतों."

मी वचन दिलं. नाही म्हणायला मला तोंड कुठं होतं?

पंधरा दिवसांनी कारखान्यात कान तपासायची व्हॅन आली. वर्षातून एकदा येते, कँटीनच्या मागे उभी राहते. आत टेलिफोन बूथसारखी काचेची पेटी. कायमच्या कामगारांनी एकेक करून आत बसायचं, कानाला यंत्र लावायचं, बारीक पीप ऐकू आलं की बटण दाबायचं. आम्हा कंत्राटी लोकांचे कान कोणी तपासत नसे. काका नापास झाले असते तर त्यांना शॉपमधून काढून घरी पाठवलं असतं, आणि घरी का पाठवलं हे मुलीपासून लपलं नसतं.

त्यांनी मला विचारलं नाही, हे मला नीट सांगायचं आहे. मीच म्हटलं. काका, तुमचा शर्ट द्या.

मुतारीत आम्ही शर्ट बदलले. त्यांचा निळा माझ्या अंगात, माझा करडा त्यांच्या अंगात, पोटावर बटण लागेना. तशा अवस्थेतही ते म्हणाले, "कंत्राटी लोकांना कापड पण कमीच देतात." व्हॅनमधला माणूस बाहेरच्या कंपनीचा होता, त्याच्यापुढं शंभर माणसांची रांग. त्यानं नंबर विचारला, मी त्यांचा सांगितला. त्यानं मान वर केली नाही.

पेटीचं दार बंद झालं आणि सगळं थांबलं. मी इतकी शांतता आयुष्यात ऐकली नव्हती. मला माझंच रक्त ऐकू यायला लागलं. मग दूरवर कुठं तरी पीप. मी बटण दाबलं. इतका घाबरलो होतो की एकही पीप सोडलं नाही. फार बारीक होतं तेही दाबलं. एकदोन सोडायला हवी होती, ही अक्कल नंतर आली.

निकाल आला. छप्पन्न वर्षांच्या, एकतीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढलेल्या माणसाचे कान कोवळ्या पोरासारखे. सेफ्टी ऑफिसर खूश झाला. त्यानं काकांचा फोटो काढला, दोन्ही कानांत पिवळे इअरप्लग घातलेला, आणि तो नोटीस बोर्डावर लावला. खाली तमिळमध्ये लिहिलं, यांच्यासारखे वागा. काका रोज त्या फोटोखालून जायचे. वर बघायचे नाहीत. आणि कान उत्तम म्हणून त्यांना आता सगळ्यात मोठ्या दोन प्रेसची जबाबदारी मिळाली.

मला झोप लागेनाशी झाली. एकीकडं वाटायचं, मी त्यांचं थोडं तरी फेडलं. दुसरीकडं वाटायचं, जो आवाज त्यांना खातोय त्याच्याच तोंडात मी त्यांना परत नेऊन बसवलं.

अशातच एका शनिवारी ते म्हणाले, "उद्या इस्त्रीचा शर्ट घाल. आपल्याला कचेरीला जायचं आहे." कचेरी म्हणजे इथं गाण्याची मैफल. मुलीनं कॉफीच्या फिल्टरखाली दोन पास ठेवले होते. "काही म्हणाली असेल," ते म्हणाले. "माझी पाठ होती."

नुंगंबाक्कमला, एका कॉफीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, संध्याकाळी पाचला कार्यक्रम. काका पांढऱ्याशुभ्र वेष्टीत, म्हणजे इथल्या धोतरात, आले, खांद्यावर जरीकाठी उपरणं. दारात एका मुलीनं आमच्या मनगटावर शाईचा शिक्का मारला. काकांनी तो नीट निरखला आणि मला म्हणाले, "ओव्हरटाइम धरतील काय?"

आत खुर्च्या नव्हत्या. सगळे उभे. दीड-दोनशे पोरंपोरी, काळे टी-शर्ट, कुणाचे केस हिरवे. काका खुर्ची हुडकत राहिले. केसांची शेंडी बांधलेला एक पोरगा म्हणाला, "अंकल, इकडं या, दिसेल," आणि त्यानं पुढं जागा करून दिली. दुसऱ्यानं त्यांच्याबरोबर फोटो काढला. काका मजेत होते. मला मात्र घाम फुटला होता. कोणी त्यांना काही विचारलं तर?

मग ती आली. बारीक, आखूड केस, जाड चष्मा, गळ्यात गिटार. अंगात निळा शर्ट, मोठा, बाह्या दुमडलेल्या. खिशावरचा बिल्ला उसवलेला होता पण दोऱ्याची खूण दिसत होती. आमच्या कारखान्याचा. "तो माझा," काका म्हणाले. "दिवाळीपासून हुडकतोंय."

तिनं खाली बघितलं. बाप दिसला. क्षणभर तिचा हात तारांवर तसाच राहिला. मग तिनं ड्रमवाल्याला मान हलवली.

मला त्या संगीतातलं काही कळत नाही. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा मला आमचा शॉपच आठवला, इतका आवाज. छातीच्या फासळ्या हलत होत्या. पण थोड्या वेळानं त्या आवाजात वाटा दिसायला लागल्या. खाली जाड तारांच्या गिटारचा एक संथ ठोका, त्यावर ड्रम पुढंमागं पळतोय, आणि त्या सगळ्याच्या वर तिचा आवाज, गोड नाही, थोडा फाटका, पण सरळ येणारा. गोंधळातून एकच गोष्ट वेगळी ऐकू यावी तसा. पोरं उड्या मारत होती. त्यांना तिची गाणी पाठ होती. ती ओळीच्या मधेच थांबायची आणि दोनशे माणसं ती ओळ पुरी करायची. मला रडू आलं. या मुलीला कामावरून काढता येणार नाही, असं काहीतरी मनात आलं.

मी काकांकडं बघितलं. आणि दचकलो. त्यांनी स्टेजकडं पाठ केली होती. ते माझ्याकडं तोंड करून उभे होते आणि माझ्या चेहऱ्याकडं बघत होते.

"काका, ती तिकडं आहे," मी ओठांनी म्हटलं.

"तिकडं बघून मला काय कळणार? हात हलताना दिसतात," ते म्हणाले. "तू ऐक. मी तुला बघतों."

तर मग तीन गाणी मी माझा चेहरा सांभाळत ऐकली. हसलो की ते हसायचे. मान हलवली की ते मान हलवायचे. लोक धक्के देत होते, आणि आम्ही दोघं एकमेकांसमोर, जणू भांडतोय.

पाचव्या गाण्याआधी ती माइकवर तमिळमध्ये म्हणाली, "हे आमच्या घरच्या भाषेत आहे. इथं कोणाला कळणार नाही, म्हणून म्हणते." लोक हसले. बाकीची वाद्यं थांबली. नुसती गिटार, हळू. आणि तिनं मराठी म्हणायला घेतलं. काकांची मराठी, तीनशे वर्षांमागची.

*दारांत उभी राहून हाक मारिली,
मोरींतून मारिली, माडीवरून मारिली.
घर लहान आहे, अप्पा.
एवढ्या लहान घरांत
हाक कोठे हरवते?*

तिच्याखेरीज त्या खोलीत हे कळणारी दोनच माणसं होती. त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं.

मी चेहरा सांभाळायचा प्रयत्न केला. जमलं नाही. काकांचं हसू हळूहळू उतरलं. "काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छान आहे. "काय म्हणते ती?" छान आहे काका, छान म्हणते. त्यांनी माझे दोन्ही दंड धरले. "तंबी, पेटीत बसून माझ्यासाठी ऐकलंस. हेही ऐक. शब्द सांग."

मी सांगितले. ती एक ओळ म्हणायची, मागोमाग मी ती ओळ ओठांनी, तोंड मोठं उघडून, आवाज न काढता त्यांच्यासमोर म्हणायचो. दारांत उभी राहून हाक मारिली. माझ्या तोंडून मी त्यांना अप्पा म्हणालो. घर लहान आहे, अप्पा. शेवटच्या ओळीला बाकीची वाद्यं आली, आणि अर्थ न कळता सगळी पोरं हात वर करून म्हणायला लागली, कोठे, कोठे, कोठे. मीही म्हणत होतो. काका माझ्या ओठांकडं बघत होते, एखादं बारीक मापन वाचावं तसे. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दंडावरची पकड तेवढी घट्ट होत गेली.

गाणं संपलं तेव्हा ते वळले आणि पहिल्यांदा स्टेजकडं तोंड करून उभे राहिले. शेवटपर्यंत तसेच.

सातच्या आत कार्यक्रम संपला. लोक तिच्याभोवती गोळा झाले. गर्दीतून वाट काढत ती आमच्याकडं आली, घामानं भिजलेली. नेमकं तेव्हाच तो शेंडीवाला पोरगा काकांना निरोप द्यायला दुसऱ्या बाजूनं आला आणि काका त्याच्याकडं वळलेले होते. ती त्यांच्या मागं उभी राहून म्हणाली, "अप्पा, आपल्या भाषेतलं ऐकलांत की?"

ते त्या पोराचा हात हलवत राहिले.

"अप्पा," ती पुन्हा म्हणाली. मग थांबली. माझ्याकडं बघून हसल्यासारखं केलं, ते बघवलं नाही मला. म्हणाली, "राहू द्या अण्णा. आणलंत त्यांना, तेवढं पुष्कळ." आणि स्टेजकडं परत जाऊन वायरी गुंडाळायला लागली.

मी वचन दिलं होतं. वचन मोडलं तर व्हॅनचं निघणार, माझा गेट पास जाणार, त्यांची नोकरी जाणार. हे सगळं मी तिथं उभं राहून मोजलं, मला तशी सवयच आहे. मग मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "ताई, ते रागावलेले नाहीत. त्यांना ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

ती वायर गुंडाळत होती, कोपर आणि पंजाभोवती. हात थांबला. तिनं माझ्या खांद्यावरून पलीकडं बघितलं. मीही वळलो.

काका पंधरा फुटांवर उभे होते आणि माझ्या तोंडाकडं बघत होते. बाजूनं दिसत असणार त्यांना, पण दिसत होतं. एक अख्खं गाणं मी त्यांना माझे ओठ वाचायला शिकवलं होतं. मी काय बोललो ते त्यांना सगळं कळलं होतं.

त्यांनी उपरणं नीट केलं आणि जिना उतरून निघून गेले. ती मागं धावली. बँडची पोरं तिला फोटोसाठी हाका मारत होती. मी अर्धी गुंडाळलेली वायर हातात घेऊन उभा राहिलो. बसस्टॉपवर गेलो तेव्हा दोघंही नव्हती.

सोमवारी काका वेळेवर आले. माझ्याकडं बघितलं नाही. अकरा वाजता आपणहून सेफ्टी ऑफिसरच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं, मला ऐकू येत नाही, तपासणी खोटी आहे. पुढचं मला ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं. ऑफिसरनं विचारलं, तुमच्या जागी कोण बसलं होतं? काकांनी कानाकडं बोट दाखवलं. त्यानं मोठ्यानं विचारलं. काकांनी पुन्हा कानाकडं बोट दाखवलं. मग त्यानं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कागद समोर धरला. काका म्हणाले, "चष्मा आणला नाही." चष्मा त्यांच्या डोक्यावर होता. ऑफिसरनं कागद चुरगळून टाकला.

महिनाभरात त्यांना आरोग्याच्या कारणानं निवृत्त केलं. फोटो बोर्डावरून उतरला. माझं नाव कुठंच आलं नाही. त्या महिन्यात ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी समोर जाऊन उभा राहायचो, तोंड मोठं उघडून काका म्हणायचो, ते नजर खाली करायचे. माझे ओठ न बघणं एवढं त्यांच्या हातात होतं. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेत अकरा नंबरच्या प्रेसपाशी आले. मी काम थांबवलं. त्यांनी डायपुढची जाळी हलवून बघितली, जरा सैल होती. खिशातून पाना काढून दोन्ही नट आवळले, पुन्हा हलवून बघितली, आणि गेले.

बंगळुरूला बँड गेला, ती गेली नाही. खोलीवरच्या पोरानं मोबाईलवर दाखवलं, दुसरीच कोणी गात होती. काका म्हणाले होते तसंच झालं. मी बरोबर केलं का चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि तुम्ही ठरवून सांगितलंत तरी मला पटेल असं वाटत नाही.

चार महिने धीर झाला नाही. मग एका सुट्टीच्या सकाळी पूनमल्लीला त्यांच्या घरी गेलो. दाराला कुलूप. शेजारची बाई कपडे वाळत घालत होती. म्हणाली, गेल्याच आठवड्यात गेले, तंजावरला. मुलीला तिथं शाळेत संगीत शिकवायची नोकरी लागली. इथं होते तोवर संध्याकाळी दोघं पायरीवर बसायचे, ती गिटार वाजवायची आणि त्यांचा हात गिटारच्या लाकडावर असायचा. रस्त्यावरचे लोक हसायचे, म्हणाली. मग हसायचे थांबले.

ती आत गेली. मी उगीच उभा राहिलो. इतक्या लांब आलो होतो म्हणून बेलचं बटण दाबलं. आवाज आला नाही. वाटलं, वीज तोडली असेल. पण खिडकीच्या काचेतून आत काहीतरी लाल दिसलं. मी बटण सोडलं, ते गेलं. पुन्हा दाबलं.

आतल्या भिंतीवर, खुर्चीत बसलेल्या माणसाला समोर दिसेल अशा उंचीवर, एक लाल दिवा बसवलेला होता. वायर पट्टीनं नीट भिंतीला चिकटवत दारापर्यंत आणलेली. स्वयंपाकघराच्या दारावर दुसरा होता, माडीच्या जिन्यापाशी तिसरा. मी बटण दाबून धरलं, आणि त्या रिकाम्या लहानशा घरातले तिन्ही दिवे लागून राहिले.